थकली आणि भागली

आमच्या रविवारच्या मराठी वर्गात त्या दिवशी बडबडगीतं होती. लंडनच्या वायव्य भागातल्या एका शाळेची खोली आम्ही सकाळी दोन तासांसाठी भाड्याने घेतो. मुलं सात ते नऊ वर्षांची. घरी मराठी ऐकतात, उत्तर मात्र इंग्रजीत देतात. तुमच्याही घरी बहुधा असंच चालत असेल. मी चांदोबाचं गाणं निवडलं होतं. ते इथे लिहून दाखवत नाही, कारण तुम्हाला ते पाठ असणार. चंद्राला एक प्रश्न विचारायचा, तो झाडाआड दडलाय का ते पाहायचं आणि मग त्याला मामाच्या वाड्यात जेवायला बोलवायचं, असं ते गाणं आहे. मुलांना मी शब्दार्थाचा कागद वाटला. त्यावर 'भागलास' या शब्दापुढे मी 'टायर्ड' एवढंच लिहिलं होतं.

एका मुलाने हात वर केला. "भागलास म्हणजे पळून गेलास ना? म्हणून तर तो झाडामागे लपलाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. या मुलांना हिंदी येतं ते सिनेमांतून. 'भाग मिल्खा भाग' हे नाव त्यांना ठाऊक आहे, आणि त्यात मिल्खा दमत नाही, धावतो. मी म्हटलं, "ते हिंदी झालं. मराठीत अर्थ वेगळा आहे. भागलास म्हणजे दमलास." त्यावर तो म्हणाला, "मग दमलेला माणूस लपेल कशाला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "भागलास म्हणजे डिव्हाइड. आजी मला भागाकार शिकवते. चंद्र अर्धा होतो म्हणून विचारतात." खोलीत तीन अर्थ उभे राहिले. त्यातला सर्वांत नीरस अर्थ माझा होता आणि तोच बरोबर होता. मी विषय बदलून पुढचं गाणं घेतलं.

हा लेख त्या दिवशी न दिलेल्या उत्तराबद्दल आहे. त्या गाण्यातला हा एक शब्द आपण मुलांना किती घाईने शिकवतो, किंवा खरं सांगायचं तर शिकवतच नाही, याबद्दलही आहे. याला मी टीका म्हणेन, पण ती आधी माझ्या शब्दार्थाच्या कागदावरची टीका आहे.

आधी व्युत्पत्ती पाहू. संस्कृतात 'भञ्ज्' म्हणजे मोडणे. त्यापासून 'भग्न', म्हणजे मोडलेला. प्राकृतात 'भग्न'चं 'भग्ग' झालं. पुढे मराठीने अशा शब्दांचं नेहमी जे केलं तेच इथेही केलं. जोडाक्षरातलं एक व्यंजन गाळलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. 'सप्त'चं 'सत्त' आणि मग 'सात'. 'अग्नी'चं 'अग्गी' आणि मग 'आग'. 'लग्न'चं 'लग्ग' आणि त्यावरून 'लागणे'. (संस्कृतात 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, जोडलेलं. म्हणून आपण 'लग्न लागलं' म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणत असतो, एकदा संस्कृत वेषात आणि एकदा मराठी.) त्याच वाटेने 'भग्न', 'भग्ग', 'भागणे'. लागणे आणि भागणे ही अशी यमकात बसलेली भावंडं आहेत. एकात जोडलं जाणं आहे, दुसऱ्यात मोडणं.

हेच 'भग्ग' हिंदीच्या वाटेने गेलं तेव्हा 'भागना' झालं. मोडण्याचा पळण्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध रणांगणावरचा आहे. ज्या सैन्याची फळी फुटली त्या सैन्यालाही संस्कृतात 'भग्न' म्हणत, आणि फळी फुटलेलं सैन्य पळत सुटतं. आपल्या बखरींतही सैन्याचा 'मोड झाला' असं येतं ते याच अर्थाने. गुजरातीत तर 'भागवुं' म्हणजे पळणं आणि मोडणंही. आमच्या भागात गुजराती शेजारी खूप, त्यामुळे हे दोन्ही अर्थ कानावर पडतात. मोडलेल्यापुढे दोनच वाटा असतात, पळायचं किंवा मटकन खाली बसायचं. हिंदीने पहिली पाहिली आणि मराठीने दुसरी.

म्हणजे तो मुलगा अगदीच चुकला नव्हता. मराठी म्हणून त्याचा अर्थ चूक होता, पण त्याने चुकून एका जुन्या नात्यावर बोट ठेवलं होतं. मी मात्र 'ते हिंदी झालं' एवढ्यावर त्याची बोळवण केली. आपण परदेशात मराठी शिकवताना हे फार करतो. मुलांच्या तोंडी हिंदी आलं की दचकतो आणि शेजारच्या भाषेला कुंपणाबाहेर हाकलतो. पण शब्दांचे सोयरसंबंध कुंपणं पाहून ठरलेले नसतात. सर राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा मोठा तौलनिक कोश याच लंडनहून 1962 ते 1966 या काळात भागाभागाने निघाला. असे कोश चाळले की पहिली गोष्ट कळते ती हीच. ज्या शब्दाला आपण अस्सल आपला समजतो, त्याची चुलत भावंडं सिंधपासून बंगालपर्यंत नांदत असतात.

भागाकारवाल्या मुलीचं काय? तिच्या अर्थाची मुळं दुसरीकडे आहेत. संस्कृतात 'भज्' हा वेगळा धातू आहे. त्याचा अर्थ वाटणे, वाटा देणे, आणि भजणेही. त्यातून भाग, विभाग, भक्त, भजन निघाले, आणि गणितातलं 'भागणे'ही. 'भञ्ज्' आणि 'भज्' यांत फरक फक्त एका अनुनासिकाचा. एकातून 'भंग' आणि 'अभंग' आले, दुसऱ्यातून 'भजन'. दोन वेगळ्या डोंगरांतून निघालेले दोन ओढे मराठीत येईपर्यंत एकाच पात्रात पडले. आता 'भागले' म्हटलं की ते कोणत्या ओढ्याचं पाणी, हे फक्त वाक्यावरून कळतं.

आणि तिसरंही एक भागणं आहे, सगळ्यांत रोजच्या वापरातलं. 'एवढ्या दुधात भागेल.' 'पगारात भागत नाही.' 'तहान भागली.' 'गरज भागवली.' इथे भागणे म्हणजे पुरणे, निभणे. या अर्थाला वाट्याचा वास आहे. जेवढं वाट्याला आलं तेवढ्यात पुरलं की भागलं. तुमच्यापैकी जे विद्यार्थी म्हणून एक बॅग घेऊन इकडे आले, त्यांना या अर्थाचा वेगळा खुलासा नको. आठवड्याच्या शेवटी पाकिटात उरलेल्या नोटा मोजून 'भागेल' म्हणणं आपण सगळ्यांनी केलेलं आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. 'भागलास'चा अर्थ 'टायर्ड' लिहिला तर बिघडलं काय? बिघडलं ते असं की मराठीत थकण्याला एक शब्द नाही, आणि जे आहेत ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. करून पाहा. 'मुलं खेळून दमली' हे ठीक. 'मुलं खेळून थकली' हेही चालेल, पण थोडं मोठ्या माणसांनी बोलल्यासारखं वाटेल. 'वारकरी चालून चालून भागले' हे ठीक. 'आजोबा आता वयाने थकले' हे ठीक. 'आजोबा वयाने दमले' असं कोणी म्हणत नाही, आणि 'आजोबा वयाने भागले' असं तर मुळीच नाही. उलट चार जिने चढून आलेल्या तरुण माणसाला आपण 'थांब, दम खा' म्हणतो.

फरक कुठे आहे ते शब्दांच्या पोटात पाहिलं की दिसतं. 'दम' म्हणजे श्वास, हा आपण फारसीतून घेतला. दम लागणे, दम घेणे, दमा हे सगळे त्याच घरचे. संस्कृतातला 'दम्' म्हणजे वश करणे, ताब्यात आणणे. तोही 'दमणे'च्या आसपास वावरत असतो, पण आजच्या कानाला 'दमलो' यात ऐकू येतो तो श्वासच. म्हणून दमणं थोडा वेळ टिकतं. श्वास परत आला की माणूस परत आला.

'थकणे'च्या मागे प्राकृतातलं 'थक्क' आहे, म्हणजे थांबणे, उभं राहणे. मराठीने ते किती ठिकाणी जपलंय पाहा. आश्चर्याने जागच्या जागी थांबतो तो 'थक्क' होतो. भाडं यायचं थांबतं तेव्हा ते 'थकतं', आणि त्याची होते 'थकबाकी'. थकण्यात चालू असलेलं काहीतरी थांबतं, आणि ते पुन्हा सुरू होईलच याची हमी तो शब्द देत नाही. म्हणून म्हातारपणाला तो लागू पडतो.

आणि 'भागणे' म्हणजे मोडणे. शरीर मोडण्याची ही कल्पना आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. अंग मोडून येतं, कंबर मोडते, पायांचे तुकडे पडतात. पण भागणं कायमचं मोडणं नाही. ते दिवसाच्या शेवटचं आहे, लांबच्या वाटेच्या टोकाचं आहे. त्याला कारण असतं आणि त्यावर उपाय असतो. भागलेल्याला पाणी द्यायचं असतं, बसायला काहीतरी पुढे सरकवायचं असतं. 'थकलेला' म्हटल्यावर आपण काळजी करतो, 'भागलेला' म्हटल्यावर चहा टाकतो.

हा फरक मी पुस्तकातून शिकले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तो उशिरा कळला, आणि त्याची किंमत मोजून कळला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर होता. मिरजेहून दादाचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झालं आणि शेवटी तो म्हणाला, "आई थकलीय गं आता." मी म्हटलं, "मग आराम करू दे ना तिला. दिवाळीचं सगळं घरी करायलाच हवं असं थोडंच आहे? या वर्षी फराळ विकत आणा." तो क्षणभर गप्प राहिला. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

तो गप्प का राहिला हे मला त्या वेळी कळलं नाही. इतकी वर्षं इंग्रजीत नोकरी केल्यावर माझ्या कानात एक दुभाषी येऊन बसला होता. दादाने 'थकली' म्हटलं, त्या दुभाष्याने मला 'टायर्ड' ऐकवलं, आणि टायर्डवरचा उपाय मी दादाला मराठीत सांगितला. दादा आईच्या एका दिवसाबद्दल बोलतच नव्हता. मिरजेत 'आई थकली' असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असतो की तिचं एकेक काम थांबत चाललंय. ती आता जिना उतरत नाही. देवळात जात नाही. तुला यायचं असेल तर ये. माझा सख्खा भाऊ माझ्याशी माझ्या मातृभाषेत बोलला आणि मला तो परक्या भाषेतून कळला, म्हणजे कळलाच नाही.

मी गेले ती पुढच्या उन्हाळ्यात, मुलांच्या सुट्ट्या पाहून. मुंबईला उतरून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली आणि पहाटे मिरजेला पोचले. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. ती केवढीशी झाली होती ते पाहिल्यावर दादाने वापरलेला शब्द मला समजला. आठ महिन्यांनी. मी पायांशी बसले तर ती वहिनीला म्हणाली, "अगं, भागून आलीय ती. आधी पाणी दे तिला."

थकलेली ती होती. पण भागलेली मी होते, आणि ते म्हणायचा अधिकार तिचा होता.

त्या वाक्याकडे मी पुढे पुष्कळ वेळा वळून पाहिलं. त्यातूनच या शब्दाबद्दलची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हाती लागली, आणि ती व्युत्पत्तीत नाही, वापरात आहे. 'भागणे' हा शब्द आज बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल वापरला जातो. 'दमलो बुवा' आपण स्वतःच म्हणतो. 'कंटाळा आला', 'वैताग आला', 'जीव शिणला' हेही स्वतःबद्दल सांगतो. पण 'मी भागलो' असं घरात बोलताना शेवटचं कधी ऐकलंत? 'भागून आलाय तो', 'भागली असशील, बस जरा', 'थकलीभागली लेकरं' असंच ऐकलं असेल. हा शब्द ज्याची वाट पाहिली जाते त्याच्यासाठी आहे, आणि तो उच्चारते ती वाट पाहणारी व्यक्ती.

संतांच्या काव्यात तो प्रथमपुरुषी येतो हे खरं. तुकोबांच्या गाथेत शिणलेभागलेपण पुष्कळ आहे. पण तिथेही ते हवेत बोललेलं नाही. समोर विठ्ठल आहे, आणि तो भागल्याजीवांनी टेकायची जागा आहे. तो ऐकतोय या भरवशावर ते शब्द उच्चारलेले आहेत. म्हणजे 'मी भागलो' म्हणायचं तर ज्याच्यापुढे अंग टाकता येईल असं कोणीतरी समोर लागतं. आणि हे सगळं 'अभंग' नावाच्या रचनेत, न मोडणाऱ्या छंदात सांगितलेलं. 'भागणे' आणि 'अभंग' यांचा धातू एकच, हे त्या गाणाऱ्यांच्या मनात असेल असा माझा दावा नाही. पण वारीत अठरा-एकोणीस दिवस चाललेली माणसं रात्री पालात बसून अभंग म्हणतात, तेव्हा मोडलेलं आणि न मोडणारं शेजारी बसलेलं असतं, एवढं मला दिसतं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. 'भागलास का' असं विचारणाऱ्या कुठल्याही आजीच्या मनात फळी फुटलेलं सैन्य नव्हतं. व्युत्पत्तीच्या जोरावर शब्दांतून हवं ते काढून दाखवणारे लेख आपल्याकडे कमी नाहीत. 'भाग' म्हणजे वाटा, ज्याने आपला वाटा उचलला तो 'भागला', म्हणून मराठी संस्कृती किती थोर, असाही लेख सहज लिहिता येईल. वाचायला तो छान वाटेल आणि चुकीचा असेल, कारण थकण्याचं भागणं त्या धातूचं नाहीच. कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' 1946 साली आला, आणि झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ त्याही आधी, 1920 साली. ध्वनी कसकसे बदलतात याचे नियम इतकी वर्षं हाताशी असताना कानाला गोड लागलं म्हणून नातं जोडणं हा आळस आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मूळ अर्थ सांगत नाही, पण कुठे पाहायचं ते सांगतं. 'भागणे'च्या तळाशी मोडणं आहे हे कळल्यावर मी आजच्या वापरात त्याच्या खुणा शोधल्या आणि त्या सापडल्या, अंग मोडण्यात, कंबर मोडण्यात. 'थकणे'च्या तळाशी थांबणं आहे हे कळल्यावर दादाचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी नीट.

आता त्या बडबडगीताकडे परत जाऊ. माझ्या कागदाने त्याचं जे नुकसान केलं ते आता स्पष्ट सांगता येईल. 'टायर्ड' लिहिल्यावर तो प्रश्न चंद्राच्या तब्येतीची चौकशी होतो. 'भागलास' ठेवलं की प्रश्न बदलतो. मग तो लांबून चालत आलेल्याला उंबऱ्यावर विचारलेला प्रश्न होतो. चंद्र रोज रात्रभर चालतो. आणि विचारणारं कोण, तर अंगणात कडेवर बसलेलं मूल, ज्याच्या तोंडात आईने किंवा आजीने तो प्रश्न घातलाय. भागलेल्याला पाणी विचारायचं असतं, हे त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा शिकवलं जातं ते चंद्राच्या निमित्ताने. घरातल्या मोठ्यांनी आजवर त्याला जे विचारलं, ते आता त्याने दुसऱ्याला विचारायचं आहे. बडबडगीतात यापेक्षा मोठं काम फार कमी शब्द करत असतील.

मग दमलेला चंद्र लपतो कशाला? आता मला उत्तर सुचतं. भागलेला माणूस आधी आडोसा शोधतो. वाटेवरचं झाड हा वाटसरूचा पहिला आडोसा. मुलाला वाटतं तो लपलाय, कारण मुलं लपाछपी खेळतात. मोठ्यांना दिसतं की तो टेकलाय. एकाच चित्राकडे दोन वयांनी पाहिलेलं आहे, आणि गाणं दोघांनाही आपापल्या जागी राहू देतं.

पुढे त्याला घरी बोलावलं जातं. मामाचा भक्कम वाडा, जेवणाचं ताट. आणि शेवटी काय होतं ते आठवा. तुपात माशी पडते आणि पाहुण्याला जेवताच येत नाही. आपण हे इतक्यांदा हसत म्हटलंय की त्यातली निराशा आपल्या लक्षातच येत नाही. सुरुवातीला ज्याला भागलास का विचारलं, त्याची भूक शेवटी भागत नाही. एक भागणं झालं, दुसरं झालं नाही. दोन ओढ्यांचं पाणी या छोट्या गाण्यात असं येऊन मिळतं, आणि तेही कोणी मुद्दाम आणलेलं नसताना. पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेल्या गाण्यात अशा गोष्टी मुरत जातात.

आपण जे लांब येऊन राहिलो, त्यांना हा शेवट थोडा ओळखीचा वाटावा. भागून घरी पोचायचं, सगळ्यांनी प्रेमाने बोलवायचं, ताट वाढलेलं असायचं, आणि तरी तीन आठवड्यांच्या सुट्टीत काहीतरी मध्ये पडायचं. बँकेचं काम, जागेचा वाद, नातेवाइकांच्या गाठीभेटींची यादी. आईजवळ बसायचं राहून गेलं हे परतीच्या विमानात आठवायचं. मी तरी त्या खेपेला अशीच परतले.

पुढच्या रविवारी मी वर्गात नवा कागद नेला. 'भागलास' या शब्दापुढे लिहिलं होतं: 'खूप लांबून घरी आलेल्या माणसाला आपण हे विचारतो.' इंग्रजी प्रतिशब्द दिला नाही. त्या मुलाला सांगितलं की हिंदीतलं भागना आणि आपलं भागणं एकाच घरातले आहेत, तू बरोबर वास काढलास. मुलीला सांगितलं की तुझं भागणं दुसऱ्या घरातलं आहे, फक्त नाव सारखं. दोघांनाही हे पटलं. मुलांना 'चूक' ऐकण्यापेक्षा 'यामागे एक गोष्ट आहे' ऐकायला आवडतं. त्यांना दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. घरी कोणी उशिरा कामावरून आलं तर हा प्रश्न विचारता येतो, एवढं राहावं.

तुम्हाला मात्र एक सांगायचं आहे. पुढच्या वेळी घरून फोन येईल तेव्हा क्रियापदाकडे कान ठेवा. आई 'दमले' म्हणाली तर हसून गप्पा मारा, ती बहुधा आत्ताच बाजारातून आलीय. 'कंटाळा आला' म्हणाली तर थोडा जास्त वेळ बोला. पण भाऊ किंवा बहीण तिच्याबद्दल 'थकली आता' म्हणाली, तर आराम करू दे म्हणू नका. मुलांच्या सुट्ट्या कधी आहेत तेही पाहू नका. तिकीट काढा. पोचल्यावर दारातच ती तुम्हाला म्हणेल की भागून आलास, भागून आलीस. तो शब्द तुमच्यासाठी वापरणारं माणूस घरात आहे, तोवर तो ऐकून घ्या.